औद्योगिक वसाहतीतलं संयुक्त मॉक ड्रिल: सराव नेमका कशाचा व्हायला हवा?

वातकुक्कुट

नमस्कार. मी रायगड जिल्ह्यातल्या एका रसायन कारखान्यात सेफ्टीमध्ये आहे. आमच्या वसाहतीचं यंदाचं ऑफसाइट मॉक ड्रिल नुकतंच झालं. शेजारच्या कारखान्यांच्या फायर टीम, नगरपालिकेचा बंब, पोलीस, १०८ च्या रुग्णवाहिका, तहसील कार्यालय, एनडीआरएफची तुकडी, सगळे आले होते. फोटोसह बातमीही आली. ते बघून जे मनात साचलंय ते इथे मांडतोय, कारण इथे या कामातले बरेच जण आहेत.

आधी थोडी पार्श्वभूमी. १९८४ च्या भोपाळनंतर घातक रसायनांबाबत १९८९ चे नियम आले. त्यांनुसार कारखान्याने कुंपणाच्या आतला सराव दर सहा महिन्यांनी घ्यायचा असतो. कुंपणाबाहेरच्या आणीबाणीचा, म्हणजे ऑफसाइट आराखड्याचा सराव जिल्हा प्रशासनाने कॅलेंडर वर्षातून एकदा तरी घ्यायचा असतो. हा दुसरा सराव खऱ्या अर्थाने संयुक्त. कारखान्याच्या आतले लोक एकमेकांना नावानिशी ओळखतात. फाटकाबाहेर गेल्यावर मात्र खाती वेगळी, वरिष्ठ वेगळे आणि वॉकीटॉकीसुद्धा वेगळे.

आमच्याकडे प्रसंग होता क्लोरीनच्या टनरला गळती लागल्याचा. टनर म्हणजे साधारण ९०० किलो क्लोरीनचं आडवं सिलिंडर. आमच्या मुलांनी आतलं काम चोख केलं. गळतीची जागा वरच्या बाजूला येईल असा टनर फिरवला. गळती खाली राहिली तर द्रव क्लोरीन बाहेर पडतं आणि त्याचा वायू होताना आकारमान साडेचारशे पटींच्या आसपास फुगतं. वर घेतली की नुसता वायू येतो आणि हातात थोडा वेळ मिळतो. मग श्वसनसंच लावलेल्या दोघांनी किटमधलं हूड, म्हणजे गळती झाकणारं टोपण, बसवलं. बघण्यासारखं काम होतं.

प्रश्न त्याच्या पुढचा आहे. बाहेरून आलेला बंब मुख्य रस्त्याने थेट फाटकाशी येऊन थांबला. त्या वेळी आमच्या छपरावरचा विंड सॉक, म्हणजे वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी नळी, नेमका त्याच रस्त्याकडे फुगलेला होता. प्रसंग खरा असता तर ते पाच-सहा जण गाडीतून उतरायच्या आधीच ढगात सापडले असते. क्लोरीन हवेच्या जवळजवळ अडीच पट जड, ते रस्त्यालगत आणि नाल्यातून सरपटत जातं. वारा कुठला आहे आणि कुठल्या बाजूने या, हे बंबाच्या ड्रायव्हरला कोणी सांगायचं? आराखड्यात लिहिलंय 'नियंत्रण कक्ष कळवेल'. त्या दिवशी नियंत्रण कक्षाने पत्ता कळवला, वारा नाही.

ही त्या ड्रायव्हरची चूक नव्हे, आणि नियंत्रण कक्षात बसलेल्या माणसाचीही नव्हे. दोन खात्यांच्या मधला जो सांधा असतो तिथे कोणाचंच लक्ष नव्हतं. आणि संयुक्त सराव असतो तो या सांध्यांसाठी. पाणी मारणं अग्निशमन दलाला येतं, बंदोबस्त पोलिसांना येतो, स्ट्रेचर उचलणं १०८ वाल्यांना येतं. ते रोज करतात. यांनी एकमेकांना काय, कधी, कुठे उभं राहून सांगायचं, हे मात्र एरवी कधीच होत नाही.

ड्रिलनंतरच्या बैठकीत सगळ्यांचे आभार मानले गेले. वाऱ्याचा मुद्दा मी मांडला, तो इतिवृत्तात आला नाही. सराव यशस्वी झाला की नाही यापेक्षा त्यात काय काय अडलं, याची यादी निघायला हवी असं माझं ठाम मत आहे. काहीच अडलं नसेल तर प्रसंग फार सोपा ठेवला होता, एवढंच त्यातून सिद्ध होतं.

तुमच्याकडे संयुक्त सराव कसे होतात? हॉस्पिटल, रेल्वे, पूर, डोंगर, कुठलंही क्षेत्र चालेल. जरूर लिहा.

---

रात्रपाळी

चांगला विषय काढलात. मी सरकारी रुग्णालयात कॅज्युअल्टीला असते. आमच्या बाजूने सांगायचं तर बहुतेक ड्रिल रुग्णवाहिकेचं दार बंद झालं की संपतं. 'जखमींना रुग्णालयात हलवण्यात आले', झालं. आमचं काम तिथून सुरू होतं.

खऱ्या घटनेत आधी काय होतं ते लिहिते. सगळ्यात आधी येतात ते चालते-बोलते जखमी. रिक्षा, टेम्पो, कोणाच्या तरी बाईकवर मागे बसून. त्यांनी खाटा भरल्या की पाठोपाठ रुग्णवाहिकेतून गंभीर पेशंट येतो आणि त्याला जागा नसते. म्हणून दारातच वर्गवारी करावी लागते: लाल म्हणजे लगेच, पिवळा म्हणजे थोडा थांबू शकेल, हिरवा म्हणजे चालता येतंय, काळा म्हणजे मृत किंवा वाचण्यापलीकडचा. हिरव्यांना बाजूच्या शेडमध्ये बसवायचं आणि त्यांच्यापाशी एक सिस्टर ठेवायची, कारण त्यातला एखादा तासाभरात लाल होऊ शकतो. वायूच्या बाबतीत तर हे हमखास. क्लोरीन हुंगलेला माणूस सुरुवातीला नुसता खोकत असतो, फुप्फुसात पाणी काही तासांनी भरतं.

दुसरी गोष्ट कपड्यांची. रसायन अंगावर उडालेला पेशंट तसाच आत घेतला तर आमचा स्टाफ आजारी पडतो. दाराबाहेर कपडे उतरवून भरपूर पाण्याने धुवायची सोय हवी. बायकांसाठी आडोसा हवा. ड्रिलमध्ये हे मी एकदाही पाहिलेलं नाही.

आणि वायू कुठला ते आम्हाला फोनवर पहिल्या पाच मिनिटांत कळलं पाहिजे. भोपाळच्या रात्री हमीदिया रुग्णालयातल्या डॉक्टरांना आपण कशावर उपचार करतोय तेच माहीत नव्हतं. चाळीस वर्षं उलटली, आजही हा फोन कोणी करायचा यावर प्रत्येक बैठकीत वेगळं उत्तर मिळतं.

---

वातकुक्कुट

@रात्रपाळी, हिरव्याचा लाल होतो हा मुद्दा आमच्या प्रशिक्षणात घेतो. आमच्या ड्रिलमध्ये दोन जखमी होते आणि दोघेही स्ट्रेचरवर. स्वतःच्या पायांनी निघून गेलेल्यांचा विचारच झाला नव्हता.

---

खाडीकाठ

मी कारखान्यातला नाही, वसाहतीला लागून असलेल्या गावातला. आमची भिंत आणि कंपनीची भिंत यांत एक नाला.

दर थोड्या दिवसांनी भोंगा वाजतो. तो शिफ्टचा, चाचणीचा की पळा म्हणून, गावात कोणाला विचाराल तर दहा जण दहा उत्तरं देतील. पोरंसोरं तर मानही वर करत नाहीत. ड्रिलच्या दिवशी पोलीस रस्ता अडवतात, आम्ही लांबून बघतो आणि घरी जातो. गाव हा ड्रिलचा भाग नसतोच.

७ मे २०२० ला विशाखापट्टणमला एलजी पॉलिमर्स कारखान्यातून स्टायरिन हा विषारी वायू सुटला ते पहाटे तीनच्या सुमारास. लोक झोपेत. कारखान्यात भोंगे होते पण ते वाजवलेच गेले नाहीत, हे नंतर चौकशी समितीने नोंदवलं. लोक दारातून बाहेर पडले आणि रस्त्यावर कोसळले. ती दृश्यं पाहिल्यापासून माझी आई रात्री खिडकी लावून झोपते. आम्हाला कोणीतरी नीट समजावून सांगा: भोंगा वाजला तर पळायचं की घरात बसायचं? कुठे पळायचं?

---

वातकुक्कुट

@खाडीकाठ, तुमचा प्रश्न या धाग्यातला सगळ्यात महत्त्वाचा आहे, म्हणून नीट लिहितो.

गळती थोड्या वेळाची असेल आणि तुम्ही घरात असाल तर बहुतेक वेळा घरातच थांबणं बरं. दारं-खिडक्या लावा, एक्झॉस्ट आणि एसी बंद करा, दाराखालच्या फटीत ओला टॉवेल दाबा. क्लोरीनसारखा जड वायू असेल तर वरच्या मजल्यावर जा. नाकातोंडावर ओलं फडकं धरा. क्लोरीन आणि अमोनियाच्या बाबतीत त्याचा थोडा उपयोग होतो, पण तो श्वसनसंच नव्हे, त्याच्या भरवशावर बाहेर फिरू नका. बाहेर सापडलात किंवा निघून जा असा आदेश आला तर वाऱ्याच्या दिशेने पळत सुटू नका, कारण ढगही तिकडेच येतोय. वाऱ्याला आडवं, काटकोनात निघा. नाला, पाणंद, सखल जागा टाळा. झाडाचं पान, वाळत घातलेला कपडा, चुलीचा धूर, यांवरून वारा कळतो.

निघून जा की थांबा, हे सांगणारे भोंग्याचे वेगवेगळे ठोके असतात. ते गावाला माहीत नसतील तर त्यांचा उपयोग नाही, हे तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर ते मोठ्या अक्षरांत रंगवलेले असले पाहिजेत आणि शाळेत पाठ करून घेतले पाहिजेत.

---

शंकासूर

मुद्दे पटतात, पण एक विरोधी बाजू मांडतो. खऱ्यासारखा सराव हवा म्हटलं की उद्या कोणी अचानक, न सांगता ड्रिल घ्या म्हणेल. गर्दीच्या गावात भोंगा वाजवून लोकांना पळवलं आणि चेंगराचेंगरी झाली तर? २०१७ मध्ये एल्फिन्स्टन रोडच्या पुलावर काहीही घडलेलं नसताना नुसत्या गोंधळात माणसं गेली. ७ मे २०२५ ला 'ऑपरेशन अभ्यास' हे नागरी संरक्षणाचं मॉक ड्रिल झालं, देशातल्या २४४ नागरी संरक्षण जिल्ह्यांसाठी. ते आधी जाहीर केलेलं होतं, तरी आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर दोन दिवस नुसत्या अफवा चालल्या होत्या. शिवाय एक बंब ड्रिलला उभा केला की तेवढा वेळ शहराला एक बंब कमी. छोट्या नगरपालिकांकडे असतात किती?

---

रुळावरचा

@शंकासूर, रेल्वेत याची घडी बऱ्यापैकी बसलेली आहे, म्हणून सांगतो. अपघात मदतीच्या वैद्यकीय गाडीसाठी वेळेचं बंधन आहे. हूटर झाल्यापासून गाडी १५ मिनिटांत सुटली पाहिजे, सायडिंगला, म्हणजे ती उभी असते त्या बाजूच्या रुळाला, एकाच बाजूने वाट असेल तर २० मिनिटं. क्रेन असलेल्या मदत गाडीला दिवसा ३० आणि रात्री ४५ मिनिटं. हे तपासायचं तर न सांगताच तपासावं लागतं. हूटर झाला की जेवणाचा डबा उघडा टाकून माणूस धावतो, घटना खरी की सराव ते त्याला सायडिंगला पोचल्यावर कळतं. यात पब्लिकचा संबंध नसल्यामुळे घबराट नाही.

मोठा संयुक्त सराव वेगळा. तो एनडीआरएफ, जिल्हा प्रशासन, स्थानिक अग्निशमन, रुग्णालयं यांना घेऊन, आधी ठरवून. जुना डबा आडवा घालतात, आत डमी प्रवासी. इथे एक बारीक गोष्ट लिहितो. डबा कापायला आम्ही हायड्रॉलिक कटर आणि स्प्रेडर वापरतो. गॅस कटर लावला तर ठिणग्या उडतात आणि आत अडकलेल्या माणसाला त्यानेच भाजतं. बाहेरून येणारी टीम कधीकधी गॅस कटर घेऊन येते, कारण त्यांच्या रोजच्या कामाला तो ठीक असतो. डब्याची कुठली बाजू कापायची, पाण्याची टाकी आणि वायर कुठून जाते, हे आमच्या कॅरेज-वॅगनच्या, म्हणजे डब्यांची देखभाल करणाऱ्या विभागाच्या, माणसालाच माहीत. म्हणून प्रत्येक कापणाऱ्या टीमबरोबर आमचा एक फिटर उभा करायचा, असं एका सरावानंतर ठरलं. वातकुक्कुट म्हणतात तो सांधा हाच.

---

वातकुक्कुट

@शंकासूर, शंका रास्त आहे. गावाला घेऊन होणारा सराव कायम जाहीर करूनच व्हावा. 'हा सराव आहे' हे दवंडीपासून व्हॉट्सअ‍ॅपपर्यंत सगळीकडे आधी पोचलं पाहिजे. अचानक तपासायचं ते यंत्रणांचं आपापसातलं: फोन उचलला का, निरोप पुढे गेला का, गाडी किती वेळात निघाली.

बंब कमी असण्याबद्दल: सगळे सांधे रस्त्यावर उतरूनच तपासायला लागतात असं नाही. टेबलटॉप सराव एका हॉलमध्ये होतो. वसाहतीचा नकाशा पसरायचा, प्रत्येक खात्याचा माणूस बसवायचा आणि एकाने प्रसंग पुढे नेत राहायचं. 'वारा फिरला. आता काय?' 'तहसीलदारांचा फोन लागत नाही. कोणाचा हुकूम चालणार?' खर्च चहा-बिस्किटांचा. वरिष्ठांनी प्रतिनिधी न पाठवता स्वतः यायला हवं, एवढी एकच अट.

हुकूम कोणाचा, याचं कागदावरचं उत्तर स्पष्ट आहे. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१० मध्ये घटना प्रतिसाद प्रणालीची मार्गदर्शक तत्त्वं काढली. जिल्हाधिकारी जबाबदार अधिकारी, त्यांच्या हाताखाली घटनास्थळी एकच इन्सिडंट कमांडर. प्रत्यक्षात आमच्या ड्रिलला प्रत्येक खात्याचा आपापला साहेब होता आणि आपापला घोळका.

---

कृष्णाकाठ

सांगलीहून. आमच्याकडे पावसाळ्याआधी कृष्णेत बोटींचं प्रात्यक्षिक होतं. महापालिका, एनडीआरएफ, पोलीस, आपदा मित्र म्हणजे प्रशिक्षित स्वयंसेवक, सगळे असतात. पात्र तेव्हा शांत असतं, ऊन लख्ख, काठावर शाळेची मुलं टाळ्या वाजवायला.

आयर्विन पुलाला इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५. २०१९ ला पाणी ५७ फुटांवर गेलं. त्या पाण्यात बोट चालवणं म्हणजे गल्लीतून, विजेच्या तारांखालून आणि कुंपणाच्या लोखंडी सळ्यांवरून जाणं. पाण्याखाली काय आहे ते दिसत नाही. पंख्याला चिंध्या, उसाची चिपाडं, काहीही अडकतं. आणि मुख्य म्हणजे घाबरलेली माणसं. बोट आली की सगळेच चढतात. ८ ऑगस्ट २०१९ ला ब्रह्मनाळला बोट उलटली त्यात हेच झालं होतं. क्षमतेपेक्षा जास्त लोक, जॅकेटं नाहीत.

त्यामुळे माझं म्हणणं असं की 'नाही' म्हणण्याचा सराव करा. बोटीवरचा एक माणूस फक्त मोजायला आणि थांबवायला. सरावात आपल्याच तीस-चाळीस जणांना काठावर उभं करा आणि खरंच एकदम चढायला लावा. म्हाताऱ्या आईला सोडून चढणार नाही म्हणून अडून बसणारा मुलगा असू दे, शेळी सोडायला तयार नसलेली बाई असू दे. पुरात माझ्या डोळ्यांसमोर अर्धा तास एक बोट एका म्हशीपायी थांबली होती. त्या माणसाला काय म्हणून समजवायचं, हे कुठल्याच प्रात्यक्षिकात नसतं.

---

दुर्गवेडी

इर्शाळवाडीबद्दल कोणीतरी लिहायलाच हवं. १९ जुलै २०२३ ची रात्र. दरड कोसळली तिथे गाडीरस्ताच नाही. मुसळधार पाऊस, चिखल, अंधार, चढ. हेलिकॉप्टर उडू शकलं नाही, यंत्रं वर नेता आली नाहीत, लोकांनी फावडी-कुदळी घेऊन उकरलं. मदतीला निघालेला नवी मुंबई अग्निशमन दलाचा एक अधिकारी चढतानाच हृदयविकाराने गेला.

त्या वाटा ठाऊक होत्या त्या खोपोलीच्या यशवंती हायकर्ससारख्या संस्थांच्या मुलांना. गिर्यारोहकांच्या बचाव पथकांना संयुक्त सरावात पहिल्यापासून धरलं पाहिजे. नुसतं बोलावून टी-शर्ट देऊन नव्हे. वाट दाखवणं, दोर लावणं, वर सामान पोचवण्याची साखळी धरणं ही कामं कागदावर त्यांच्या नावाने असली पाहिजेत. आणि सराव पावसात, चढावर, पाठीवर ओझं घेऊन व्हावा. सपाट मैदानावर केलेल्या सरावात कोणाला दम लागतो ते कळत नाही, आणि वर कोणाला पाठवायचं आणि खाली कोणाला थांबवायचं ते तिथेच ठरतं.

---

सातासमुद्रापार

मी गेली बरीच वर्षं इंग्लंडच्या वायव्य भागात रुग्णालयात काम करते. इथलं उदाहरण मुद्दाम देते, कारण इथे पैसा, साधनं, नियम सगळं असूनही काय झालं ते तुमच्या मुद्द्याशी तंतोतंत जुळतं.

२२ मे २०१७ ला मँचेस्टर अरीनात बॉम्बस्फोट झाला. बावीस बळी. अग्निशमन दल घटनास्थळी पोचायला दोन तासांहून जास्त वेळ लागला. त्यांचं ठाणं जवळ होतं! पण बंदूकधारी मोकाट आहे या समजातून गाड्या तीन मैल लांब जमवल्या गेल्या आणि मग पोलिसांकडून खरी परिस्थिती कळेपर्यंत तिथेच थांबल्या. स्फोट झालेल्या दालनात फक्त तीन पॅरामेडिक गेले. जखमींना लोकांनी जाहिरातीच्या फळ्यांवर आणि लोखंडी कठड्यांवर घालून खाली आणलं.

सगळ्यात जीवाला लागणारी गोष्ट पुढची आहे. आदल्याच वर्षी, मे २०१६ मध्ये, तिथल्याच यंत्रणांचा दहशतवादी हल्ल्याचा मोठा संयुक्त सराव झाला होता. पोलीस नियंत्रण कक्षातल्या ड्यूटी अधिकाऱ्यावर एका वेळी इतकी कामं पडतात की तो इतरांना कळवूच शकत नाही, हे त्या सरावात दिसलं होतं. ते दुरुस्त झालं नाही. स्फोटाच्या रात्री नेमकं तेच घडलं. नोव्हेंबर २०२२ मध्ये चौकशीचा अहवाल आला, त्यात हे सगळं तारीखवार आहे आणि कोणीही वाचू शकतं.

सांगण्यासारखी चांगली गोष्ट म्हणजे इथे पहिल्या निरोपाचा साचा ठरलेला आहे. मोठी घटना जाहीर केली का, नेमकी जागा, प्रकार, धोके, कुठल्या वाटेने यायचं, जखमी किती, कोण आलंय आणि कोण हवंय. पोलीस, फायर, अ‍ॅम्ब्युलन्स, तिघेही याच क्रमाने बोलतात. त्यात 'कुठल्या वाटेने यायचं' आहे, म्हणजे तुमचा वारा तिथेच बसतो. असा साचा मराठीत छापून प्रत्येक नियंत्रण कक्षात फोनशेजारी चिकटवायला पैसे लागत नाहीत.

---

वातकुक्कुट

@सातासमुद्रापार, मनापासून आभार. सरावात दिसलेली त्रुटी वर्षभर तशीच राहिली, हे वाचून पोटात गोळा आला. आमचं इतिवृत्त डोळ्यांसमोर आलं.

तुम्ही दिलेला निरोपाचा साचा मी आमच्या परिसरातल्या कारखान्यांच्या परस्पर मदत गटापुढे ठेवतोय. या गटाला 'मार्ग' म्हणतात. एकाकडे आग विझवायचा फोम संपला तर दुसऱ्याने द्यायचा, अशी ही व्यवस्था असते. तिथे होकार मिळवणं सोपं, कारण एकमेकांची गरज रोज पडते.

---

खाडीकाठ

टँकरचं पण लिहा कोणीतरी. वसाहतीत जाणारे सगळे आमच्या नाक्यावरून वळतात.

---

वातकुक्कुट

@खाडीकाठ, हो. २०२२ च्या सप्टेंबरात लांज्याजवळ अंजणारी घाटात एलपीजीचा टँकर काजळी नदीत गेला आणि मुंबई-गोवा महामार्ग खोळंबला. २०२३ च्या जूनमध्ये एक्स्प्रेस-वेवर लोणावळ्याजवळ टँकर पेटला तेव्हा पुलाखालून जाणारी माणसंही भाजली. अशा ठिकाणी पहिला पोचतो तो गावकरी किंवा वडापवाला.

टँकरच्या मागे आणि बाजूला एक फलक असतो, त्यावर चार आकडी क्रमांक. १०७५ असेल तर एलपीजी, १०१७ क्लोरीन, १००५ अमोनिया. लांबूनच, वारा जिकडून येतोय त्या बाजूला उभं राहून तो वाचायचा किंवा मोबाइलचा झूम करून फोटो काढायचा आणि ११२ ला तेवढा आकडा सांगायचा. जवळ जायचं नाही, गाडी सुरू करायची नाही, काडी-विडी नाही. हा आकडा कळला की बंब काय घेऊन निघायचं ते ठरवतो आणि @रात्रपाळी यांना हवा असलेला निरोपही त्यातच आला. पुढच्या ड्रिलमध्ये हा पहिला फोन नाक्यावरच्या माणसानेच करावा असं मला वाटतं.

---

रात्रपाळी

नक्की. आणि तो फोन ११२ वरून आमच्यापर्यंत यायला किती मिनिटं लागतात ते घड्याळ लावून बघा. आमच्याकडून एक सिस्टर आणि एक वॉर्डबॉय निरीक्षक म्हणून घटनास्थळी पाठवायला मी सुपरिटेंडेंटना विचारते.

---

शंकासूर

टेबलटॉपचं पटलं. जिल्हाधिकारी आणि औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय, दोघांच्या नावे एकच निवेदन करूया का? गेल्या ड्रिलचं इतिवृत्त आणि त्यावर काय कार्यवाही झाली, हे लेखी मागायचं. माहिती अधिकाराचा अर्ज मी टाकतो, मला त्याची सवय आहे.

---

वातकुक्कुट

करूया. मसुदा रविवारपर्यंत इथेच टाकतो, सगळ्यांनी दुरुस्त्या सुचवा. सध्या मागण्या अशा धरल्यात: वर्षाच्या ड्रिलआधी एक टेबलटॉप, गाव आणि रुग्णालय दोन्ही सरावात, पहिल्या निरोपाचा ठरलेला साचा, आणि आढळलेल्या त्रुटी कोणी कधीपर्यंत दूर करायच्या ते नावानिशी. @खाडीकाठ, भोंग्याच्या ठोक्यांचा फलक कुठे कुठे लावायचा त्या जागा तुम्ही कळवा.

---

खाडीकाठ

ग्रामपंचायत, शाळा, मच्छी मार्केट आणि रेशन दुकान. शाळेत दोन लावा, एक अंगणवाडीच्या बाजूला. आणि तारीख ठरवताना भरती-ओहोटी बघा. ओहोटीला निम्मं गाव खाडीत कालवं काढायला गेलेलं असतं, भोंगा तिथपर्यंत ऐकू येतो का ते त्याच वेळी कळेल.